चुना किती विरघळतो

नोकरीतल्या गोष्टी घडत असतात तेव्हा रडू येतं. मग त्या बाटलीच्या तळाशी गाळ बसावा तशा बसून राहतात आणि कुणी बाटली हलवली की वर येतात. परवा आमच्या कट्ट्यावर एकानं पानाला चुना मागितला आणि माझी बाटली हलली!

लढाईचे दिवस होते. मुंबईच्या एका औषधवाल्यानं शहापुरात, आसनगावच्या रस्त्याला, तीन खोल्यांची लॅबोरेटरी काढली होती. माल एकच. लहान मुलांच्या पोटदुखीवर चुन्याची निवळी, बाटलीत भरून. मी नवाकोरा बी.एस्सी., तीन महिन्यांच्या बोलीवर आलेला. गार पाण्यात चुना किती विरघळतो, कोमटात किती आणि कढतात किती, याचा तक्ता मी करायचा होता. तक्ता जमला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. पण घरी वडिलांनी आधीच पेढे वाटले होते, त्यामुळे तिकडे तोंड दाखवायची सोय नव्हती.

हाताखाली दोघं होते. टोकावड्याचा धर्मा शिपाई आणि बाटल्या धुणाऱ्या चिमाबाई. धर्मा मला सायब म्हणे, चिमाबाई भाऊ म्हणत.

*

पद्धत सोपी होती. बाटलीभर पाण्यात गरजेपेक्षा जास्त चुना घालायचा, हलवायचं आणि दोन दिवस ठेवायचं. पाण्याला झेपेल तेवढा चुना ते घेतं, उरलेला तळाशी बसतो. मग वरचं नितळ पाणी आटवायचं आणि मागे राहील तो चुना तोलायचा. तळाशी चुना उरलाच पाहिजे, ही त्यातली मेख.

पहिल्याच खेपेला तिसऱ्या दिवशी बघतो तर बाटली रिकामी, धुतलेली, पालथी घातलेली. शेजारी एक घागर, तिच्यात काठोकाठ पाणी.

धर्मा खुशीत होता. "दोन दिस चुना खाली बसलाय नि तुमी त्याच्याकं बगत बसताव. माला काय बगवंना. घागरभर पानी घातला, सगला इरघलला बगा."

एवढ्या मायेनं केलेल्या कामावर कुणी ओरडावं कसं? मी पुन्हा चुना तोलायला घेतला.

*

मग थर्मामीटर. पाण्याचं पातेलं मागच्या पडवीत चुलीवर, मी पुढच्या खोलीत टेबलाशी. धर्मा थर्मामीटर आणून द्यायचा, मी आकडा वाचून वहीत लिहायचा. आठवडाभर गार, कोमट, कढत, सगळ्याला आकडा जवळपास तोच! थर्मामीटर बिघडला म्हणून मी मुंबईहून दुसरा मागवला. तोही तसाच निघाला.

शेवटी मीच एकदा पडवीत गेलो. पातेल्यात पारा चांगला वर चढलेला. धर्मानं तो माझ्यादेखत बाहेर काढला, धोतराला कोरडा पुसला, फुंकर घातली आणि निवांत चालत माझ्या टेबलाकडे निघाला. ओली वस्तू साहेबाच्या हातात द्यायची नाही, अशी त्याची रीत होती. तो वाचता न येणारा आणि मी बी.एस्सी. आमच्यात दोष कुणाचा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

*

पुढं तळाचा चुना कमी होऊ लागला. बाटल्यांत काडी घालून कुणीतरी तो काढत होतं. धर्माच्या तंबाखूचा चुना अलीकडे फारच पांढरा दिसायचा, म्हणून चोर शोधावा लागला नाही. मी कपाटाला कुलूप घातलं.

धर्मानं शांतपणे विचारलं, तळाचा चुना तुमी तोलताव? मी म्हटलं, नाही, वरचं पाणीच आटवून बघतो. "मंग मी तलचा खाल्ला तं तुमचा काय गेला?"

मी दोन दिवस विचार केला. थोडा तळाशी शिल्लक आहे तोवर खरंच काही जात नव्हतं. मी कुलूप काढून टाकलं.

*

एवढं सगळं निस्तरल्यावर खरा घोळ समोर आला. गार पाण्यात चुना जास्त विरघळे आणि कढत पाण्यात कमी! साखर घ्या, तुरटी घ्या, पाणी तापवलं की जास्त विरघळते. चुन्याचं उलटं कसं? मी अकरा वेळा करून पाहिलं. कॉलेजात हे कुणी शिकवलं असेल तर त्या दिवशी मी गैरहजर असणार. पुस्तक उघडलं, तर नेमकं चुन्याचं पान वाळवीनं खाल्लेलं.

मुंबईला मोठ्या साहेबांना, म्हणजे त्या औषधवाल्यांना, हे कळवलं. त्यांचं उत्तर आलं की बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, डोळे उघडे ठेवून काम करा, महिनाअखेर मी येतो.

माझी झोप उडाली. खोटं सांगत नाही, शेवटच्या दिवशी मी नवा तक्ता लिहिला. गारचे आकडे कढतात, कढतचे गारमध्ये. जुना तक्ता चुलीत घातला. जीव भांड्यात पडला आणि स्वतःची लाजही वाटली.

*

साहेब आले, कोटटायमध्ये. तक्त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, आता कसं बरोबर आलं. पाणी तापवून पुढची निवळी करायला सांगितली, म्हणजे चुना जास्त उतरेल.

चिमाबाई बाटल्या धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ऊन पान्यात चुना नाय ऱ्हात. चार पोरांला निवली पाजलीय मी. गार पान्याचीच करत्यात."

त्या क्षणी मला बाईंचा इतका राग आला की सांगता सोय नाही. साहेब हसले. दाखवतोच म्हणाले. गार पाण्यातली नितळ निवळी त्यांनी काचेच्या भांड्यात ओतली आणि स्वतः चुलीवर ठेवली. आम्ही चौघं भोवती उभे. पाणी तापलं आणि हळूहळू पांढुरकं झालं. उकळी आली तेव्हा आत सरळ चुना दिसत होता.

साहेबांनी भांड्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, मग माझ्याकडे. मला घरी वाटलेले पेढे आठवले.

मग साहेब म्हणाले, "आजपासून कायम."

मी हात जोडले.

"तुम्ही नव्हे. या बाई."

चिमाबाईंनी पदराला हात पुसले. "मी ऱ्हाईन. पन माला अक्षर येत नाय. लिवायला ह्या भाऊला ठेवा."

पुढं अकरा वर्षं मी तिथं होतो. हजेरीबुकात पहिल्या ओळीत अंगठा असे, दुसरीत माझी सही.