नदीपल्याडची बाई

२३ जानेवारी. स्वयंपाकीणबाई आणि मी शाळेच्या खिचडीचा तांदूळ निवडायला बसलो होतो. ते काम खरं तिचं, मुख्याध्यापिकेनं सूप घेऊन बसायची गरज नाही. पण या वेळच्या पोत्यात खडे फार निघाले, आणि तांदूळ निवडता निवडता आमची तालीम व्हायची. नाटक तीन दिवसांवर आलं होतं.

नाटक मी लिहिलेलं. तिघांचं, पस्तीस मिनिटांचं. जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे. दोन बाया कापसावर बसून आहेत, ड्रायव्हर खाली चाकाशी. उतरलं तर नंबर जातो, म्हणून कुणी हलत नाही. दिवसभर अडकलेल्या त्या दोघी एकमेकींना गोष्टी सांगतात. एवढंच. सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन, दुपारी चारला शाळेच्या पटांगणात नाटक. एक बाई मी, दुसरी आमची स्वयंपाकीण, आणि ड्रायव्हर गावातले निवृत्त कंडक्टर. त्यांना मोठ्यानं बोलायची सवय होती, ते बरं पडलं.

गोष्टी सगळ्या स्वयंपाकीणबाईच्या. पवनारच्या अलीकडे, धाम नदीच्या काठावर आमचं गाव आहे. या शाळेवर मला नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षं मी तिच्या गोष्टी ऐकत आले. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, चौथी शिकलेली, पण कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळतं. मी फक्त वहीत उतरवून घेतल्या आणि क्रम लावला. माझ्या नवऱ्यानं त्या वहीवरून संहिता टाइप करून दिली.

त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट नाटकाच्या मधोमध होती. नदीपल्याड एक बाई होती. तिला तीन मुली. सासूला नातू हवा. बाई माहेरी बारसं आहे म्हणून सांगून गेली आणि सरकारी दवाखान्यात मुलं बंद व्हायचं ऑपरेशन करून आली. पोटावरच्या टाक्याला म्हणाली, फोडणी उडाली. मग सासू तिला उपास धरायला लावते, गंडे बांधते, कडू काढे पाजते, आणि बाई एकेक घोट घेत विचारते, "आत्याबाई, आनखी एक पेला पेऊ का म्हनता?" इथे तालमीत सगळे हसायचे. मीही दर वेळी हसायचे.

त्या दिवशी एक म्हातारी नातीचा दाखला न्यायला आली होती. पूर्वी ती आणि आमची स्वयंपाकीण एकाच टोळीत कापूस वेचायला जायच्या. दाखला हातात घेऊन ती पायरीवर बसली आणि ती गोष्ट पूर्ण ऐकली. हसली नाही. मी ऑफिसात शिक्का ठेवायला गेले तशी मागे आली.

"मॅडम, हे गोष्ट तिनं सोता सांगतली तुमाले?"

"हो. का?"

"अन् तुमी ते नाटकात टाकली?"

"चांगली आहे म्हणून टाकली."

म्हातारीनं दाखल्याची घडी केली, पदराला बांधली. "तुमी कधी कापूस वेचला नाई न मॅडम. म्हनून."

मग तिनं मला सांगितलं, पहिलीच्या पोराला सांगावं तसं. पातीवर बाया एका रांगेत वेचत जातात. घरचं दुखणं कुणाला तरी सांगावं लागतं, पण आपल्या नावानं कसं सांगणार? "मंग म्हनाचं, नदीपल्याड एक बाई होती. समद्या बायाइले समजते. कोनी इचारत नाई. अन् बांधाच्या भाईर कोनी नेत नाई. तुमी तं थेट माइकवर नेऊन राह्यल्या."

ती गेल्यावर मी कपाटातून जुन्या हजेरीच्या वह्या काढल्या नाहीत. गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकिणीनं चुलतभावाच्या पोराच्या बारशाला म्हणून आठ दिवस सुट्टी घेतली होती, आणि ती मीच दिली होती. परत आली तेव्हा मोठं पातेलं उचलत नव्हती. मी तिला आळशी म्हटलं होतं. तिला दोन मुली. गोष्टीत तिनं एक वाढवली होती.

स्वयंपाकखोलीत ती तांदूळ पाखडत होती.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

कशाबद्दल ते तिनं विचारलं नाही. "कवा सांगू? तुमी हासून राह्यल्या होत्या."

"नाटकात घेते म्हटलं, तेव्हा तरी नाही म्हणायचं."

"तुमाले?" ती म्हणाली, आणि पुन्हा सूप हलवायला लागली.

दरवर्षी जूनमध्ये तिच्या कामाच्या कागदावर माझी सही लागते. मैत्रीत असलं काही येत नाही असं मी समजत होते. तिनं तसं कधीच समजलेलं नव्हतं.

मी म्हटलं, गोष्ट गाळू. प्रश्न मिटला.

"आता नाई गाळता येत मॅडम. पोट्ट्याइनं समदं गावात नेलं." तालमी बघून मुलं गल्लीत नदीपल्याडची बाई खेळत होती. तिच्या धाकटीनं घरी आजीपुढेच काढा पिऊन दाखवला होता. सासूनं विचारलं होतं, "नाटकात हे गोष्ट कोन सांगते वं? तूच का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, सव्वीसले या न पाहाले." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सारा जलम वेचला तिनं कापूस. तिले नाई समजनार का? गाळली तं म्हनन, काऊन गाळली? सांगतली तं मंग झालंच."

काय झालंच, ते मला माहीत होतं. सासू चार बायांत उघड म्हणायची, हिच्यानं नाही होत तर दुसरी आणू. नवरा टेम्पो चालवतो, आईपुढे तोंड उघडत नाही. दोन मुली घेऊन तिला माहेरी धाडलं असतं, आणि माहेरी तिची एक आंधळी आई आहे, बस.

पुढचे दोन दिवस मी दारं शोधत होते. नाटकच रद्द करावं, तर सरपंचांनी मंडप सांगितलेला, पत्रकं वाटलेली, आणि रद्द का म्हणून सासूनं विचारायचं ते विचारलंच असतं. दुसरी गोष्ट घालावी, तर कंडक्टरसाहेब बसले अडून. "मॅडम, काढा ऐकून मी तोंड वाकडं करतो, तो माझा एकच तर हशा आहे. तोबी काढता? मंग मी चाकाजवळ बसून काय करू, हवा भरू?" त्यांना खरं सांगता येत नव्हतं. कुणालाच सांगता येत नव्हतं. मी शाळेत जात होते, झेंड्याची दोरी तपासत होते, मुलांची कवायत घेत होते, आणि प्रत्येक वाट फिरून त्याच पायरीशी येत होती.

पंचवीसला दुपारी मी तिला म्हटलं, "गोष्ट मी सांगते. आपण जागा बदलू. माझी वाक्यं तुला पाठच आहेत."

"तुमच्या सासूबाई येनार हायेत न?"

"येऊ देत. त्या वर्ध्याच्या. त्यांनी कधी कापूस वेचला नाही."

हे उत्तर देताना मी स्वतःवर खूश होते. मला नोकरी आहे, घर माझ्या नावावर आहे, मला कोण घालवणार, असा माझा साधा हिशोब होता.

सव्वीसला पटांगण भरलं. बाया उजवीकडे चटयांवर, माणसं डावीकडे खुर्च्यांवर. मंडपवाल्याच्या फळ्यांवर आम्ही जुन्या चादरी आणि वरून खरा कापूस पसरला होता. त्यावर आम्ही दोघी. पहिली दहा मिनिटं बरी गेली. कंडक्टरसाहेबांनी रांगेतल्या पुढच्या ट्रॉलीवाल्याला अशी हाक मारली की मागे झोपलेलं कुत्रं उठून गेलं.

मग मी सुरुवात केली. "नदीपल्याड एक बाई होती."

चटयांवरच्या बाया शांत झाल्या. तालमीत हे कधी झालं नव्हतं. मुलं हसायची तयारी करून बसली होती, पण बाया गप्प. तिची सासू पहिल्या रांगेत होती. सुपारी कातरत होती, ती थांबली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. सुनेकडे पाहत होती. गोष्ट मी सांगतेय म्हणून कुणाची आहे ते थोडंच बदलणार होतं? मॅडम काय, दुसऱ्याचंही बोलतात, त्यांचा धंदाच तो.

माझ्या शेजारी ती कापसात हात खुपसून बसली होती. तिचं वाक्य होतं, "किती लेकरं होती तिले?" ते आलंच नाही. मी वाट पाहिली. पुन्हा वाट पाहिली. खालून कंडक्टरसाहेबांनी हळूच म्हटलं, "लेकरं विचार, लेकरं."

तिनं विचारलं. आवाज जेमतेम निघाला.

माझं उत्तर होतं तीन. मी म्हटलं, "एक. एकच पोरगी. अन् बाई शिकलेली होती, रोज शाळेत जायची."

सासूची मान माझ्याकडे वळली. मग एकेक करून सगळ्या चटईची वळली. त्या माना वळताना मी कापसावरून पाहत होते, आणि बोलत होते, कारण थांबता येत नव्हतं. एकुलती एक मुलगी असलेली, रोज शाळेत जाणारी बाई या गावात एकच आहे. मी बारसं सांगितलं, दवाखाना सांगितला, फोडणी सांगितली. काढ्याला मुलं हसली, कंडक्टरसाहेबांना त्यांचा हशा मिळाला. बाया हसल्या नाहीत. त्यांच्यात माझ्या सासूबाई बसल्या होत्या, आणि शेजारची बाई त्यांच्या कानाशी वाकून काही सांगत होती.

नाटक संपल्यावर तिची सासू फळ्यांजवळ आली.

"एवढ्या शिकल्या मॅडम," ती म्हणाली, "अन् घरच्याइले असं फसवलं?"

मी चादरीवरचा कापूस गोळा करायला लागले.

"आमची अडानी बरी म्हना मंग. सांगतलं ते पेते बिचारी." आणि सुनेला म्हणाली, "चाल वं. चुलीचं पाहा."

ती खाली मान घालून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहू नयेच असं मलाही वाटत होतं. कंडक्टरसाहेब मिशी काढत म्हणाले, "मॅडम, दोन पोरी खाऊन टाकल्या तुम्ही आज." मी म्हटलं, विसरले.

घरी सासूबाई आल्या त्या सरळ देवापुढे जाऊन बसल्या. नवऱ्यानं जेवण होईपर्यंत काही विचारलं नाही. मी ताटं उचलत होते तेव्हा म्हणाला, "तीन होत्या ना? मीच टाइप केलंय."

"नाटक आहे ते. बोलताना इकडचं तिकडे होतं."

"आणि शाळेत जाणारी? तेही इकडचं तिकडे?"

आमची मुलगी तीन वर्षांची झाल्यापासून आम्ही दुसऱ्या मुलाची सात वर्षं वाट पाहिली होती. वर्ध्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. प्रत्येक वेळी तो माझ्याबरोबर बाकावर बसून राहिला. मग आम्ही ते सोडून दिलं, आणि त्या वर्षांबद्दल घरात कुणी बोलत नाही. स्टेजवर एक म्हणताना मला त्या बाकांची आठवण झाली नव्हती. मी फक्त स्वयंपाकिणीच्या सासूची मान वळवत होते.

"खरं आहे का?" त्यानं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कुणाची? तो वाईट माणूस नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी तो बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर असतो, आणि तिच्या नवऱ्याचा टेम्पो तिथेच उभा राहतो. चार दिवसांत गोष्ट जिथून निघाली तिथेच पोचली असती.

मी ताटं हातात धरून उभी राहिले. गप्प राहणं म्हणजे हो, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"सात वर्षं," तो म्हणाला. मग अंथरूण घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचला उठले. चहा केला. सासूबाईंनी कप घेतला नाही, तो ओट्यावर झाकून ठेवला. नवऱ्याचा डबा भरून त्याच्या पिशवीशेजारी ठेवला. मग स्कूटी काढून शाळेत गेले, कुलूप उघडलं, आणि पाना घेऊन स्टेजच्या फळ्यांचे बोल्ट सोडवायला बसले. मंडपवाल्याला त्या आठच्या आत परत हव्या होत्या.