झान्नूने साहेबाची टोपी घातली

लागोसच्या खाडीत खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या वस्तीत झान्नूएवढा खणखणीत आवाज कुणाचाच नव्हता. धंदा होड्या बांधण्याचा. संध्याकाळी ताडी पोटात गेली, की तो सरकारी साहेबांच्या नकला करायचा आणि लोक हसून हसून लोळायचे. मास्तरांच्या मुलीने, सेवेदेने, वस्तीतल्याच माणसांना घेऊन छोटी फिल्म करायची ठरवली, तेव्हा घरं पाडायला येणाऱ्या साहेबाचं काम आपोआप त्याच्याकडे आलं.

त्याची बायको मौतिन मात्र भडकली. "माझ्या बापाचं घर ह्याच टोपीवाल्यांनी जाळलं. ती घालून माझ्या दारात आलास तर बघ!"

"अगं, खोटी टोपी आहे. आपल्या शिंप्याने शिवलीय."

"घर जळताना खरी-खोटी कोण बघत बसतं?"

शूटिंगच्या सकाळी झान्नू खाकी कोट आणि ती टोपी घालून भाड्याच्या मोटरबोटीत उभा राहिला. मागच्या होडीत कॅमेरा घेऊन सेवेदे. पुढच्या गल्लीतल्या सगळ्यांना हे नाटक माहीत होतं. मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्यांपलीकडे मात्र नवी कोळी कुटुंबं आली होती. नाटकाची कल्पना द्यायला भरवलेल्या सभेच्या वेळी ती समुद्रावर होती, आणि नंतर त्यांना सांगायला कुणीच गेलं नाही.

"काका, जरा जोर लावा! लुटुपुटूचं वाटतंय," सेवेदे ओरडली.

झान्नूला ते लागलं. त्याने भोंगा तोंडाला लावला आणि साहेब बोलतात तसं, शहरातल्या योरुबा भाषेत गरजला, "ही वस्ती बेकायदा आहे! दुपारच्या आत घरं रिकामी करा. जो मागे राहील त्याला घरासकट पेटवून देऊ!"

शेवटचं वाक्य त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं. लहानपणी बापाच्या होडीत दडून त्याने ते ऐकलं होतं, ते तसंच्या तसं बाहेर पडलं.

भट्ट्यांपलीकडून किंकाळी उठली. मग दुसरी.

"मस्त! थांबू नका काका!" सेवेदेला वाटलं, लोक छान रंगलेत.

पण झान्नूला दिसत होतं. एक माणूस स्वतःच्याच छपरावर कुऱ्हाड घालत होता. निदान फळ्या तरी वाचाव्यात म्हणून. गाद्या, भांडी, शिवणयंत्र आणि एक म्हातारी, एवढं सगळं कोंबलेली होडी काठापर्यंत पाण्यात गेली होती.

"खोटं आहे! नाटक आहे हे! घरात जा!" तो भोंग्यातून, घाईत योरुबातच, ओरडला. पण भोंग्यातला तोच आवाज त्यांना आणखी घाबरवत होता. बोट जवळ येताना पाहून कुणीतरी भट्टीतलं जळतं लाकूड फेकलं. ते झान्नूच्या कानाजवळून गेलं. आणि तेवढ्यात होडी कलंडली.

त्याने भोंगा टाकून पाण्यात उडी घेतली. म्हातारी हाताला लागली, पण ती त्याला बोचकारत, चावत सुटली. साहेबाच्या हातून वाचण्यापेक्षा तिला बुडणं परवडत होतं.

"आजी, मी झान्नू! होडीवाला झान्नू!" तो आपल्या एगुन बोलीत कळवळून ओरडला.

घरची बोली कानावर पडली तशी म्हातारी थबकली. धापा टाकत म्हणाली, "मग ही टोपी कशाला घातलीस, मेल्या?"

टोपी अजून डोक्यावरच होती. त्याने ती भिरकावली. काठच्या बायका एकमेकींना सांगू लागल्या, "अगं, आपलाच माणूस आहे!" हळूहळू आरडाओरडा थांबला.

जीव कुणाचा गेला नाही. शिवणयंत्र मात्र चिखलात कुठं रुतलं ते सापडलंच नाही. सेवेदे घरोघरी जाऊन रडत माफी मागून आली. तो प्रसंग तिने फिल्ममध्ये घेतला नाही. पुढे चर्चच्या धक्क्यावर पडदा लावून फिल्म दाखवली, तेव्हा मौतिन आली, पण झान्नू आला नाही.

त्या वेळी तो भट्ट्यांपलीकडच्या, स्वतःचं छप्पर तोडणाऱ्या त्या माणसाचं छप्पर पुन्हा घालत होता, स्वतःच्या फळ्या आणून. तो माणूस, होनसू, शिडीवर उभा राहून खिळे देत होता. इतके दिवस तो झान्नूशी एक शब्द बोलला नव्हता.

मग तो अचानक म्हणाला, "झान्नूदादा, उद्या ते खरंच आले, तर आम्ही ओळखायचं कसं?"

झान्नूने पुढच्या खिळ्यासाठी हात पुढे केला.