भोईरमामांची हजेरी

भोईरमामा कॉम्प्युटरला नावं वाचून दाखवायचे. टाइप करून झालं की चष्मा कपाळावर सरकवायचे, पडद्याकडे बोट करायचे आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं म्हणायचे, "भोईर सुनीता बाळाराम. घर तलावाजवल." घर तलावाजवळ आहे की टेकडीवर, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नव्हतं. तो रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हताच; तो मामांच्या एका लांबट चोपडीत होता. नाव वाचलं की ते क्षणभर थांबायचे आणि आतून कुणीतरी 'हजर' म्हणाल्यासारखे पुढच्या नावाकडे वळायचे. शेजारच्या टेबलावर बसून दिवसभर हे ऐकायचं म्हणजे माझ्या डोक्याची मंडई व्हायची.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. ठाण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत मी नुकताच लागलो होतो. संस्थेच्या शाळा दिव्यापासून कल्याणपर्यंत पसरलेल्या. मी डोंबिवलीचा, तेवीस वर्षांचा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे अर्थातच अतिशहाणा. कचेरीत चार कॉम्प्युटर एका केबलनं जोडले होते आणि सगळ्या विद्यार्थ्यांची एकच यादी चौघांवर दिसायची. आमचे कार्यवाह करंदीकरसर येईल त्या पाहुण्याला ती यादी कौतुकानं दाखवायचे. यंत्रांना धूळ लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्यांना आतून प्लायवूड ठोकलं होतं. चपला बाहेर काढून आत शिरलं की बाहेर ऊन आहे की पाऊस हे साडेपाचला कचेरी सुटल्यावरच कळायचं.

मामा दिव्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावचे. वडील मिठागरात राबलेले, मामा मात्र चौतीस वर्षं या कचेरीत कारकून. कागदावर त्यांची मराठी छापील पुस्तकासारखी, तोंडात मात्र गावची. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी सरांना रीतसर अर्ज दिला होता : 'जी वही मला हातात धरता येत नाही, तिची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.' सर तो अर्ज वाचून हसले होते, पण त्यांनी तो फाइलला लावून ठेवला. करंदीकरसर काही टाकून देत नसत.

मामांचा मला पहिला प्रसाद मिळाला तो मस्टरवरून. एका सकाळी मला यायला उशीर होणार होता, म्हणून आदल्या दिवशीच मी त्यांना सांगून ठेवलं, "मामा, उद्या माझी सही तेवढी ठोकून द्या." दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर माझ्या नावापुढे लाल शाईनं लेटमार्क, आणि तोही मामांच्याच सुबक अक्षरात. मी तणतणलो. ते शांतपणे म्हणाले, "हजेरी ज्याची त्यानं द्यावी, पोरा. दुसऱ्यानं दिली तं ती चोरी." दुपारी मात्र त्यांनी आपल्या डब्यातली निम्मी सुकट माझ्या पोळीवर ठेवली. आमच्या घरी मासळी चालत नसे. मी बोटं चाटून खाल्ली आणि राग विसरलो.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर यादीतली नावं नाहीशी व्हायला लागली. शनिवारी भरलेली मुलं सोमवारी नसायची. एका सोमवारी तीन गेली, पुढच्या सोमवारी पाच. मामा त्यांचे फॉर्म शोधून पुन्हा भरायचे, पुन्हा मोठ्यानं वाचायचे, आणि पुढच्या सोमवारी ती पुन्हा गायब. मी केबल तपासली, टेबलांखाली रांगून एकेक जोड घट्ट केला, व्हायरस शोधला, कंपनीचा माणूस बोलावला. तो चहा पिऊन 'नेटवर्क ओके' असं लिहून गेला. डोंबिवली-कल्याणच्या शाळांचं एकही नाव हललं नव्हतं. जात होती ती फक्त खाडीकाठच्या गावांतली, मामांनी भरलेली, आणि बहुतेक सगळी भोईर.

करंदीकरसरांनी तो जुना अर्ज बाहेर काढला. "याला यंत्र खोटं पाडायचंय," ते मला म्हणाले. "भरल्यासारखं करतो आणि सेव्ह न करताच बाहेर पडतो. तुला कळायचं नाही." मामांना मेमो मिळाला : आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. मामा महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. चौतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नव्हता, आणि कचेरीत त्यांना अभिमान होता तो एवढ्या एकाच गोष्टीचा.

दहावीचे फॉर्म जायची मुदत जवळ आली होती. सरांनी फर्मान काढलं : यादी पूर्ण होईपर्यंत खोलीत फक्त मी आणि मामा, आणि दाराला बाहेरून कडी. डबा आत. बाहेर जायचं तर दार वाजवायचं, मग शिपाई गणपत कडी काढणार. पहिल्या दिवशी ती कडी सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी हसलो. मामा हसले नाहीत. कोंडून ठेवण्यासारखं आपण काय केलंय, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं.

तीन दिवस आम्ही तसे बसलो. भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर बघायला काही नव्हतं. मी जेरीला येऊन म्हणालो, "मामा, दिसत नाही म्हणजे नाही! कुठून आणू?" त्यावर ते म्हणाले, "अरे, मीठ पान्यात दिसत नाय. म्हनून खाडीचं पानी गोडं झालं का? आमचा बापूस पान्याकडं बघून नाय सांगायचा मीठ हाय का नाय. चाखून सांगायचा." मग चोपडी उघडून त्यांनी पडद्यावरची यादी पहिल्यापासून वाचायला घेतली. मी कपाळाला हात लावला.

"भोईर सुनीता बाळाराम. घर तलावाजवल," मामा म्हणाले आणि थांबले. "हिच्याखाली दुसरी सुनीता पायजे."

"दुसरी?"

"जनार्दनची. घर वडाखाली. दोघी एकाच वर्गात हायत."

"जन्मतारीख काय तिची?" मी सहज विचारलं.

"एक जून. दोघींची बी."

"दोघींची एकच कशी?"

"दोघींचीच काय, अख्ख्या गावाची एक जून!" मामा पहिल्यांदाच मोकळे हसले. "मास्तर इचारतो, पोर जन्मलं कवा? आयस सांगते, उधानाचं पानी घरात आलं तवा. नायतर सांगते, मिठाची पयली रास पडली तवा. मास्तर काय उधान लिवनार? तो लिवतो एक जून."

मला एकदम आठवलं. लागल्या लागल्या मी एक प्रोग्राम लिहिला होता. एकच फॉर्म दोन टेबलांवरून दोनदा भरला जायचा. ती दुबार नावं शनिवारी कचेरी बंद होताना आपोआप खोडली जावीत म्हणून. आडनाव, नाव आणि जन्मतारीख जुळली की नोंद दुबार. वडिलांचं नाव मी मुद्दाम गाळलं होतं, कारण कारकून मंडळी ते कधी पूर्ण लिहायची, कधी नुसतं एक अक्षर. डोंबिवलीच्या मुलांना हे चाललं; ती प्रसूतिगृहात तारखेनिशी जन्मली होती. खाडीकाठी मात्र दोन सुनीता म्हटल्या की त्यातली एक मी दर शनिवारी खोडत होतो. खोडलेल्या नोंदी मी इतक्या दिवसांत एकदाही उघडून पाहिल्या नव्हत्या. का पाहीन? खोडायचा अधिकार एकट्या माझ्याकडे होता.

आमच्या यंत्रात खोडलेली नोंद लगेच मरत नसे. तिच्यावर खूण व्हायची आणि ती दिसेनाशी व्हायची. मी खुणा काढल्या. पडद्यावर भराभर नावं उगवली. जनार्दनची सुनीता तीन वेळा आली, कारण मामांनी तिला तीन वेळा भरलं होतं. मामा निर्दोष असल्याचा पुरावाच तो. मी प्रत्येकाची एक नोंद ठेवली आणि उरलेल्या कायमच्या पुसून टाकल्या. शनिवारी पुन्हा तेच होऊ नये म्हणून तो प्रोग्रामही काढून टाकला. माझ्या बाबांची कंपनी त्याच वर्षी बंद पडली होती आणि पुढच्या महिन्यात मी कायम व्हायचा होतो. कारणं ही एवढीच, आणि तेव्हा मला ती पुरली.

मामा माझ्या पाठीमागे उभे राहून सगळं बघत होते. त्यांना कॉम्प्युटर कळत नसे, पण माणूस कळायचा. ते जागेवर जाऊन बसले आणि सुनीता जनार्दनचं नाव मोठ्यानं वाचलं. मग दारावर थाप मारून गणपतला कडी काढायला सांगितलं.

सर आले, यादी पाहून खूश झाले. "काय होतं रे नक्की?"

"सर... आता बरोबर आहे," मी म्हणालो.

"बघ! कोंडल्यावर बरोबर भरलं गेलं." सर मामांकडे न बघताच म्हणाले. मी मान खाली घातली. दार उघडं होतं, पण मला तिथून हलता येईना.

मामांनी खुलासा दिला. त्यांच्या सुंदर अक्षरात एकच ओळ : 'नोंदी कोणी काढल्या हे मला माहीत आहे, परंतु दुसऱ्याची हजेरी देणे माझ्या तत्त्वात बसत नाही.' सरांनी तो उर्मटपणा मानला आणि सेवापुस्तकात शेरा गेला. निरोप समारंभ झाला नाही. तीस तारखेला साडेपाच वाजता मामांनी चोपडी पिशवीत टाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवत जा येलेवर." मी कायम झालो.

चार महिने मी ते दडपण घेऊन कचेरीत जात होतो. शेवटी एका रविवारी त्यांच्या गावी गेलो. मामा बांधावर बसले होते. समोरच्या मिठागरात इमारतींसाठी भरणी चालू होती. मी सगळं सांगून टाकलं, रडलोही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "करंदीकरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मना कशाला सांगतो? मना तं ठाऊक हाय."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. ते उठून दार लावून आले. मग म्हणाले, "आता माणूस गेला नोकरीतून. फाइल बंद झालीय. तुझं चांगलं चाललंय ना? मग कशाला उकरतोस?" मी लेखी दिलं, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. सगळे कागद फाइलला लावणाऱ्या माणसानं तेवढा एक लावला नाही. मी ही गोष्ट मामांना सांगायला जाणार होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं गणपतनं सांगितलं.

त्या सेवापुस्तकात मामांच्या नावापुढे तो शेरा अजून असेल. तो खोडायचा अधिकार माझ्याकडे नाही. भोईर सुनीता जनार्दन, घर वडाखाली, आणि तिच्यासारखी बाकीची सगळी नावं मामांनी नीट भरली होती. ती मी काढली होती.

मामा, उशीर झाला, लेटमार्क लावा. पण हजर.