घडी घालता घालता

आमच्या बाइंडिंगखान्यात छापील तावांना घड्या घालायचं काम वहिनींकडे; सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणायचा. बंगाली कादंबऱ्यांचे अनुवाद आले की त्यांचा हात मंदावायचा. घडी घालता घालता त्या वाचत, आणि विधवा नायिका उपाशीपोटी सगळ्यांना वाढू लागली की पदराने डोळे पुसत.

"कागद भिजेल!" मी ओरडायचे.

"तुला काळीजच नाही," त्या म्हणायच्या.

काळीज होतं, म्हणून तर राग यायचा. वहिनींच्या घरात त्यांची नणंद होती. ऐन पंचविशीत नवरा गेला, भावाकडे परत आली, तेव्हापासून स्वयंपाक, धुणं आणि अंथरुणाला खिळलेली आई तिच्याच गळ्यात. आमच्या कटिंग मशीनवाल्याने, तोही बायको गेलेला, तिला रीतसर मागणी घातली. तिलाही तो पसंत होता. भाऊ पेपरातून तोंड न काढता म्हणाला, "हिला विचारा." आणि वहिनी म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?"

लोकांचं नुसतं निमित्त. ती गेली तर घराचा गाडा ओढणार कोण, हे खरं दुखणं. दिवसभर उभं राहून वहिनींचे पाय सुजायचे, त्यामुळे त्यांना तरी किती बोल लावणार! पण मागणीला उत्तर मिळेना, आणि नणंद झुरत चालली.

एका दुपारी ती वहिनींचा विसरलेला डबा घेऊन आली. वहिनी विधवेच्या कादंबरीच्या शेवटच्या पानांवर मुसमुसत होत्या. नणंदेने मागून वाकून वाचलं.

"वहिनी, मी पुस्तकात असायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठीही रडला असता."

मशीनवाल्याने मशीन बंद केलं. वहिनी बराच वेळ तीच घडी दाबत राहिल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "कर बाई लग्न. पण जाण्याआधी तुझ्या भावाला निदान चहा करायला शिकव."

लग्न झालं. भाऊ काही चहा शिकला नाही. वहिनी आता पहाटेच उठतात, सासूबाईंचं सगळं उरकतात, स्वयंपाक करतात आणि दमलेल्याच कामावर येतात.

परवा पुन्हा बंगाली कादंबरी आली. मी थट्टेने म्हटलं, "घ्या, तुमची रडायची सोय झाली."

वहिनींनी न वाचताच ताव दुमडला.

"विधवा आहे का हिच्यात?"

"आहे. भावाकडेच राहते."

"मग त्या भावजयीचं पुढे काय होतं, ते कुणी लिहिलंय का बघ."