डब्यातला श्वास

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'श्वासकाका' म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. इन्फ्रारेड यंत्राजवळ कुणी वाकलं की ते खेकसत, "अहो, तोंड बाजूला! तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आलेखात उमटतो." नळीत भरलेला वायू यंत्राच्या डब्यात ठेवायचा, आरपार किरण सोडायचे, आणि वायूने कोणते किरण गिळले ते आलेखातल्या खळग्यांवरून ओळखायचं. सव्वीस वर्षं हेच काम. यात आपला हात कुणी धरू शकत नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत.

मग एका संशोधक मुलीच्या वायूत कार्बन डायऑक्साइडचा खळगा दिसला. काका चारचौघांत म्हणाले, "बाईसाहेब, आधी वायू शुद्ध करायला शिका. माझ्या यंत्राला नावं ठेवू नका." तिने वायू पुन्हा शुद्ध केला, तीनदा. तीन आठवडे गेले तरी खळगा जागच्या जागी. शेवटी विभागप्रमुख मॅडमनी बजावलं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हे काम दुसऱ्याला देऊ.

सोमवारी शेजारच्या खोलीतून त्याच वायूचा रामन आलेख आला, तो एकट्या काकांच्याच हाती. तिथे लेसरचा झोत टाकून वायूने विखुरलेला प्रकाश मोजतात. भोवतालच्या हवेचा तिथे फारसा त्रास नसतो. त्यात कार्बन डायऑक्साइडचा मागमूस नव्हता. मुलीचा वायू स्वच्छ होता.

काकांना उभ्या उभ्या सगळं कळलं. वर्षभर त्यांना जवळचं धड दिसत नव्हतं. डोळे गेले म्हणून यंत्रावरून उठवतील, या धास्तीने त्यांनी खिशातला चष्मा कधी बाहेर काढला नव्हता. जुन्या नळ्या त्यांचे हात न बघता बसवत. मुलीची नळी नवी, तिची खाच अरुंद, म्हणून ते डब्यात चक्क नाक खुपसून बघत आणि लगेच झाकण लावत.

सांगून टाकायचं ठरलं. मंगळवारी शब्द ओठांवर आले, तेवढ्यात तिने त्यांच्यासमोर चहा ठेवला. "काका, माझंच काहीतरी चुकतंय. मी नळी कशी भरते ते एकदा बघाल?" आणि या माणसाने बघितलं! चांगली दहा मिनिटं, जाणत्यासारखी मान हलवत बघितलं. त्या दहा मिनिटांची त्यांना जन्मभर लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

शुक्रवारी मॅडम आल्या. काकांनी चष्मा लावला, नाकातोंडावर रुमाल बांधला, नळी बसवली आणि डब्यातली हवा घालवायला आत कोरडा नायट्रोजन खेळू दिला. खळगा नाही. मग रुमाल काढून ते डब्यात वाकले, झाकण लावलं. खळगा हजर.

"हा माझा आहे," ते म्हणाले. "हिचा वायू पहिल्यापासून चांगला होता."

"काम हिच्याकडेच राहील," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या. काकांनी नळी डब्यातून बाहेर काढली.

मुलीने हळूच विचारलं, "काका, तुम्हाला हे कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कुणी शोधायला जाणार नव्हतं.

"सोमवारी."

मंगळवार तिलाही आठवला असणार. तिने चार शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. तिने फक्त त्यांच्या हातातली नळी काढून घेतली आणि स्वतः खाचेत बसवली, तोंड बाजूला करून, त्यांनीच शिकवलं होतं तशी.