फळीवरचा आरसा

माझ्या थोरल्या जाऊबाई मनकर्णा कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. ही चहाडी नाही, भीमपूरच्या बाजारात कुणालाही विचारा. स्वतः भाजी विकायला बसतात, पण शेजारच्या दुकानातून गूळ आणला तरी आपल्या तागडीत टाकून पुन्हा बघतात. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बोटाकडे बघत राहतात, तो बिचारा पाय बदलत उभा. माझ्यावरचा संशय तर मी या घरात पाऊल टाकलं तेव्हापासूनचा आहे. त्यांच्या शेवग्याच्या शेंगा कमी दिसल्या की त्या आमच्याकडे मीठ मागायला येतात, आणि मीठ घेता घेता चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून बघतात. दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे मी तोंड लपवून जाणार तरी कुठे?

त्यांचे यजमान चंपतराव, म्हणजे आमचे भासरे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, अगदी उलट स्वभावाचे. बाजारात तागडी त्यांच्या हातात असायची आणि पारडं कायम गिऱ्हाइकाकडे झुकलेलं. वर कोथिंबीर मागितली तर कोथिंबीर, चार मिरच्या मागितल्या तर मूठभर. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. नाही म्हणायचं खातं बाईंकडे होतं. "ठेव ते खाली!" असा आवाज आला की बायका कोथिंबिरीची जुडी टाकून पळायच्या.

मग एका सकाळी वांगी तोडताना भासऱ्यांच्या हातातली पाटी सुटली आणि ते सरीत आडवे झाले. लकवा. आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते. पण उजवा हात रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता आणि बोलण्यात एकच शब्द उरला होता, "हाव," म्हणजे हो. जेवता का? हाव. जेवले का? हाव. दुखून राह्यलं? हाव. आराम हाये? हाव.

या एका शब्दानं बाईंचं डोकं फिरायची वेळ आली. "रंजे, याइचा खरा हाव कोनता अन् खोटा कोनता, मी कसं वळखू?" असं मला म्हणायच्या. मला, म्हणजे शेंगाचोर जावेला! यावरून त्यांची काय दशा झाली होती ते समजा. बाजारात त्या एकट्या बसू लागल्या. त्यांच्या मुलानं विजेवरचा काटा आणून दिला, पण आकडे कोण आतून बदलतं ते दिसत नाही म्हणून तो तसाच खोक्यात पडला. घरी आल्या की त्या भासऱ्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांना दुसरं काही नको होतं, फक्त तो हात परत हवा होता.

नातेवाइकांनी कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला दिला. एक माणूस बाटली घेऊन दारात आलासुद्धा. बाईंनी बाटली उन्हात धरली, वास घेतला आणि "हे रंगाचं पानी हाये" म्हणून त्याला वाटेला लावलं. त्या दिवशी मला त्यांच्या संशयाचं पहिल्यांदा कौतुक वाटलं.

अशा घरात अश्विनी आली. बोथ गावची मुलगी, फिजिओथेरपी शिकलेली, स्कूटीवरून गावोगाव फिरणारी. लकव्यानं गेलेला हात परत कसा आणता येईल यावर दवाखान्यात संशोधन चालू होतं आणि त्यात भासऱ्यांना घ्यायचं होतं. आठवड्याला ती घरी येणार, व्यायाम शिकवणार, आणि मधल्या दिवसांत बाईंनी तो करून घ्यायचा.

"पैसे किती?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही मावशी."

"काऊन?"

फुकट का, असं अश्विनीला आजवर कुणी विचारलं नसावं. मग तिनं समजावून सांगितलं. साधनं दोन प्रकारची आहेत. कुणाला कोणतं मिळणार ते कंप्युटर ठरवतो, चिठ्ठी काढल्यासारखं. त्यातलं कोणतं जास्त चांगलं ते कुणालाच माहीत नाही, ते शोधण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

"तुमालेच माहीत नाही तं दवाखाना कायले खोलला?" बाई म्हणाल्या. "आमच्या भिशीची चिठ्ठी लहान पोट्टी काढते, साऱ्याइच्या समोर. तुमच्या कंप्युटरनं काढली ते कोनं पाह्यलं?"

तरी त्यांनी होकार दिला. मांडीवरच्या त्या हातासाठी दिला. कागद मात्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मी एखादी ओळ गाळते का म्हणून माझ्या ओठांकडे बघत होत्या.

पुढच्या खेपेला साधन आलं. पाटावर उभी ठोकलेली एक तपकिरी फळी, बस. फळीच्या डाव्या बाजूला चांगला हात ठेवायचा, उजव्या बाजूला आजारी हात. डाव्या हाताची मूठ उघडायची, मिटायची, मनगट फिरवायचं, नजर फळीवर ठेवायची आणि उजव्यालाही तेच करायला मनातून सांगायचं. जाता जाता अश्विनीनं एक गोष्ट बजावली. आदिलाबादला हात तपासणारे डॉक्टर वेगळे असतील, तुमच्याकडे कोणतं साधन आहे ते त्यांना अजिबात सांगायचं नाही.

झालं! जी गोष्ट लपवायची ती चोरीचीच, हे बाईंचं जन्माचं गणित. "डॉक्टरपासून काय लपवून राह्यले हे लोक?" त्या दिवसभर पुटपुटत होत्या.

उत्तर त्यांना आदिलाबादलाच मिळालं. तपासणीला भासऱ्यांना घेऊन गेल्या तेव्हा बाकावर शेजारी रेणुकाबाई म्हणून एक बाई बसली होती. तिचा नवरा देवानंद याच अभ्यासात होता. दवाखान्याच्या बाकावर दोन बायका गप्प बसतील, असं जो धरून चालला तो माणूस फार शिकलेला असणार. रेणुकाबाईनं सांगितलं की त्यांच्या पाटावर फळी नाही, आरसा आहे. आजारी हात आरशामागे झाकला जातो, चांगला हात आरशात दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की आजारी हातच हलतोय. देवानंद पहिल्या दिवशी ते बघून रडला होता.

बाई संध्याकाळी परतल्या त्या लाल होऊनच. "त्याइले आरसा, अन् आपल्याले लाकूड. खोटं माप देल्लं रंजे, आपल्याले खोटं माप देल्लं!" दुसऱ्या दिवशी शांत झाल्या. बाई शांत झाल्या की मला भीती वाटते.

दोन दिवसांनी त्या माझ्या दारात आल्या आणि भिंतीवरचा माझा आरसा मागितला. मीठ नाही, आरसा! कशाला, तर म्हणे डोळ्यात काहीतरी गेलंय. माझा आरसा हातभर लांबीचा. डोळ्यातलं कुसळ काढायला तो लागतो होय? आरसा परत आला तो दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळ्यात काहीतरी गेलं. रोज कसं जातं? अंगात येतं की काय, की कुणी भोंदूबाबानं आरशात काही दाखवायचं कबूल केलंय? इतकी वर्षं माझ्यावर जो संशय घेतला गेला त्याची सगळी भरपाई मी त्या आठवड्यात करून घेतली. शेवटी राहवलं नाही. मीठ मागायच्या निमित्तानं त्यांच्या खिडकीशी गेले आणि आत डोकावले.

माझा आरसा फळीला सुतळीनं घट्ट बांधलेला होता. भासऱ्यांचा उजवा हात त्याच्यामागे होता. डाव्या हातानं ते आरशासमोर मूठ उघडत होते, मिटत होते, आणि आरशात त्यांचा उजवा हात अगदी धडधाकट उघडमीट करत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते लहान पोरासारखे हसत होते. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या आरशामागे वाकून खऱ्या हाताकडे बघत होत्या, तो कुठे हलतोय का ते.

मी पकडली गेले, अर्थात. खिडकीशी सावली पडली की बाईंना कळतं.

"सांगशील कोनाले?"

"नाही बाई. पण त्या पोरीले तं सांगा."

"सांगितलं तं नाव कापतीन अन् पोरगी येनं बंद होईन. मंग हात कोन पाहीन, तू?"

तेव्हापासून स्कूटीचा आवाज आला की आरसा माझ्या भिंतीवर, स्कूटी गेली की फळीवर. मी या लबाडीत अशी सामील झाले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. इतक्या वर्षांत बाईंनी मला पहिल्यांदाच कशात तरी धरलं होतं.

हात हलला. आधी अंगठा, मग दोन बोटं. बाईंचा विश्वास बसेना. आरसा डोळ्यांना फसवतो हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. म्हणून त्यांनी आरसा सोडला, हातावर पदर टाकला, पदराखाली आपली बोटं भासऱ्यांच्या मुठीत दिली आणि म्हणाल्या, "दाबा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दाबलं वो." लगेच माझाही हात पदराखाली ओढला, म्हणजे साक्षीदार झाला. दाबलं होतं, मलाही जाणवलं. पुढे ते उजव्या हातानं लिंबू उचलू लागले, मग वांगं. शब्द मात्र तोच राहिला, हाव.

अभ्यास संपला त्या दिवशी अश्विनी अंगणात बसली होती. भासरे बाजेवर, बाई खाली, आणि मी शेंगदाणे निवडायच्या निमित्तानं ओट्यावर. पोरगी फार खुशीत होती. आता सांगायला हरकत नाही म्हणून तिनं सांगितलं की दुसऱ्या गटाला आरसा दिला होता.

"आरसा? कायचा आरसा?" बाईंनी असे काही डोळे मोठे केले की मला सूप तोंडापुढे धरावं लागलं.

"काकाचा हात तं नुसत्या फळीवर एवढा सुधारला मावशी! असंच बाकीच्याइचंबी निघालं तं आरशाची गरजच नाही म्हनू. पुढच्या पेशंटले फळीच देऊ."

बाईंचा चेहरा उतरला. शेंगदाण्यावरची माझी नजर वर गेली. पुढचे पेशंट म्हणजे अजून लकवा न झालेले कुठले तरी लोक, त्यांच्या बायका, त्यांच्या मांडीवरचे हात. मला वाटलं आता तरी बाई बोलतील. अश्विनीनं शेवटचा प्रश्न विचारला. "सारं फळीवरच केलं न? दुसरं काही लावलं नाही, बदललं नाही?"

बाईंनी पदर सारखा केला. "कायले बदलन वो? जे देल्लं तेच."

"नाई."

आवाज बाजेवरून आला. बाई वळल्या. अश्विनीचा पेन हातातच राहिला. मला आधी वाटलं, कुणीतरी दारातून आत आलं.

"काय म्हनलं?" बाईंनी विचारलं.

"नाई," भासरे म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होता.

आता दुसरी कुणी बाई असती तर तिनं देवापुढे साखर ठेवली असती. बाई उठल्या आणि नवऱ्यासमोर उकिडव्या बसल्या. माप पुन्हा करून बघितल्याशिवाय त्यांचं कधी काही पुरं झालंय का?

"अवो, माह्यं नाव रेणुका हाये?"

"नाई."

"हे घर आपलं हाये?"

"हाव."

बाईंच्या तोंडाला पदर गेला. खांदे हलू लागले. इतके महिने ज्या शब्दावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, तो हाव आता खरा झाला होता, कारण त्याच्याजवळ नाई येऊन बसला होता. रडता रडताच त्या अश्विनीकडे वळल्या आणि सगळं सांगून टाकलं. रेणुकाबाई, सुतळी, डोळ्यातलं कुसळ, माझी भिंत, सगळं.

अश्विनी रागावली नाही, नुसती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "मावशी, हात कधी कधी आपोआपबी येते. नुसत्या फळीवाल्याइचा किती येते ते समजल्याबिगर आरशानं किती आनला ते कसं समजन?"

बाईंनी डोळे पुसले. "म्हंजे मी पारड्याखाली बोट लावलं म्हन."

"हाव मावशी."

"नाव कापशील?"

"कोनी नाव कापत नाही. झालं ते तसंच लिहावं लागते, बस. व्यायाम चालू ठेवा, मी येईन."

"लिही मंग. माह्यं नाव घालून लिही." बाईंनी नाक पुसलं, मला आरसा आणायला पिटाळलं, सुतळी कशी बांधत होतो तेही पोरीला दाखवायचं म्हणे. मी आरसा घेऊन परत आले तेव्हा त्या भासऱ्यांच्या शेजारी बाजेवर बसल्या होत्या, माणसांदेखत, जे त्या कधी करत नाहीत. त्यांचा हात भासऱ्यांच्या उजव्या मुठीत होता.

"जलमभर एका गिऱ्हाइकाले नाई म्हनता आलं नाही तुमाले," त्या म्हणत होत्या, हसत होत्या की रडत होत्या कळत नव्हतं. "अन् पयला नाई काढला तो माह्यावरच न?"

"हाव," भासरे म्हणाले.

बाईंनी तो पुन्हा तपासला नाही.