पडद्यावरचा आकडा

खंबाटकीचा घाट चढताना माझं निम्मं लक्ष नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या पडद्यावर होतं. पुण्याहून निघताना त्यावर बॅटरीवर कोल्हापूर गाठून उरेल एवढं अंतर दिसत होतं. चढाला लागलो तसं ते भराभर आटू लागलं. शेजारी बसलेल्या बायकोने एसी बंद केला.

मागे आई बसली होती. आजारी मामाला भेटायला निघालेली.

उतारावर बॅटरी थोडी परत भरली आणि आकडा चक्क वाढला. बायको हसली, पण मला हायसं वाटेना. एकदा संशय शिरला की चांगली बातमीही खोटीच वाटते.

"पोचू ना रे?" आईने विचारलं.

"गाडी तर पोचू म्हणतेय."

"गाडीचं राहू दे. तू सांग."

मी पुन्हा पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.